‘एमपी पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून भागत नाही: हिवतापाची स्लाइड कशी करायची आणि कशी वाचायची

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या लॅबमध्ये ताप, थंडी आणि प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णांची रांग लागते. डेंग्यू, लेप्टो आणि हिवताप पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षणांवरून वेगळे काढणं अनुभवी डॉक्टरांनाही जमेलच असं नाही. अशा वेळी लॅबकडून ‘एमपी पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिवतापाचा परजीवी (मलेरियल पॅरासाइट) आहे, एवढाच शेरा गेला तर डॉक्टरांचं अर्धं काम अडतं. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: परजीवीची जात कोणती, रक्तात त्याच्या कोणत्या अवस्था दिसल्या, आणि प्रमाण किती.

यात जात सगळ्यात महत्त्वाची, कारण औषध त्यावर ठरतं. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार व्हायव्हॅक्स या जातीला ३ दिवस क्लोरोक्विन आणि त्याबरोबर १४ दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरम या जातीला ३ दिवस आर्टेमिसिनिनवर आधारित मिश्र औषध आणि प्रायमाक्विनची एकच मात्रा. फाल्सिपेरम असताना व्हायव्हॅक्स लिहिलं तर क्लोरोक्विनवर रुग्ण सुधारत नाही आणि चांगल्या औषधाचे मोलाचे दिवस हातचे जातात. उलट चूक झाली तर ताप उतरतो, पण व्हायव्हॅक्सच्या यकृतात झोपलेल्या अवस्था, म्हणजे हिप्नोझोइट, तशाच राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) तपासणी, गरोदरपण आणि बाळाचं वय पाहणं हे डॉक्टरांचं काम. त्यांना तो विचार करायला लावणारी माहिती मात्र स्लाइडवरूनच मिळते.

रक्त घेणं

ताप चढायची वाट पाहत बसू नका. थंडी वाजताना परजीवी जास्त सापडतात ही समजूत जुनी आहे आणि तिच्यापायी रुग्ण उगाच परत पाठवले जातात. औषध सुरू होण्याआधी, रुग्ण समोर असेल त्या क्षणी रक्त घ्या. क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर तसं फॉर्मवर लिहा, कारण मग निगेटिव्ह स्लाइडचा अर्थ बदलतो.

प्रौढांच्या डाव्या हाताची अनामिका आणि लहान बाळांच्या पायाचा अंगठा किंवा टाच या नेहमीच्या जागा. स्पिरिटने पुसल्यावर बोट पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर आलेल्या थेंबात तांबड्या पेशी फुटतात आणि जाड थर डागाळतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका.

नस टोचून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) ट्यूबमध्ये रक्त घेतलं असेल तर स्मीअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, एका तासाच्या आत करा. जास्त वेळ गेला की व्हायव्हॅक्सची पसरट ट्रोफोझोइट (परजीवीची वाढती अवस्था) आक्रसतात, फाल्सिपेरमची चंद्रकोरी गॅमेटोसाइट (डासात जाणारी नर-मादी अवस्था) गोल होतात, कधी कधी नर गॅमेटोसाइटमधून शेपट्यासुद्धा बाहेर पडलेल्या दिसतात. घणसोली-ऐरोलीच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली ट्यूब दुपारी मुख्य लॅबला पोचत असेल, तर स्मीअर सेंटरवरच करून पाठवणं शहाणपणाचं.

जाड आणि पातळ, दोन्ही एकाच काचेवर

जाड थर परजीवी शोधायला, पातळ थर त्याची जात ओळखायला. काच स्वच्छ आणि तेलकटपणा नसलेली हवी. चिकट काचेवर जाड थर धुताना सुटून वाहून जातो. जाड थरासाठी ६ मायक्रोलिटर रक्त सुमारे १२ मिलिमीटर व्यासात पसरवा. बोटाचं रक्त असेल तर ३ लहान थेंब जवळजवळ ठेवून दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने ३ ते ६ फेऱ्यांत एकत्र करा. जास्त घोटू नका. थर ओला असताना काच छापील कागदावर ठेवली तर अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसली नाहीत तर थर फार जाड झालाय आणि रंगवताना पापुद्रा निघणार.

पातळ थराला २ मायक्रोलिटर पुरतात. सरकवायची काच ४५ अंशाच्या आसपास धरा, थेंबाला टेकवा, रक्त कडेने पसरू द्या आणि न थांबता एका दमात पुढे न्या. शेवटी जिभेसारखं टोक यायला हवं, आणि त्या टोकाजवळ पेशी एकेकट्या, एकमेकींना न चिकटता दिसायला हव्यात. रुग्णाचा क्रमांक आणि तारीख पातळ थराच्या जाड भागावर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई मिथेनॉलमध्ये पुसली जाते.

जाड थर सपाट ठेवून वाळवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो की थर तासन् तास ओलसर राहतो. पंख्याखाली किंवा हेअर ड्रायरच्या थंड झोतात वाळवा, गरम झोतात नको. उष्णतेने तांबड्या पेशी काचेवर पक्क्या होतात आणि मग रंगवताना त्यांचं हिमोग्लोबिन धुऊन निघत नाही. रात्रभर उघड्या ठेवलेल्या स्लाइडवरचं रक्त झुरळं आणि मुंग्या कुरतडून जातात. सकाळी थरात गोल गोल खळगे दिसले तर दोष तुमच्या हाताचा नाही, झाकण नसण्याचा आहे.

रंगवणं

पातळ थर मिथेनॉलमध्ये दोन-तीन सेकंद बुडवा. जाड थराला मिथेनॉलचा थेंबच काय, वाफही लागू द्यायची नाही. त्यासाठी काच वाळताना पातळ थर खाली आणि जाड थर वर अशी तिरपी ठेवा.

पावसाळ्यातली सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. बाटलीचं झाकण दिवसभर उघडं राहिलं की फिक्स झालेल्या तांबड्या पेशींमध्ये चकाकणारे, कडा कुरतडल्यासारखे गोल दिसायला लागतात. नवशिका माणूस त्यांना रिंग, म्हणजे परजीवीची अंगठीसारखी कोवळी अवस्था, समजतो. प्रत्येक तांबड्या पेशीत तसलंच काहीतरी दिसत असेल आणि फोकस बदलताना ते चमकत असेल, तर तो परजीवी नाही, मिथेनॉलमधलं पाणी आहे. मोठ्या बाटलीतून रोजच्यापुरतं लहान बाटलीत काढून घ्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. गिम्सा या रंगाच्या मूळ द्रावणालाही हाच नियम. त्यात ओला पिपेट गेला की ते हळूहळू निकामी होतं. मूळ बाटली हलवायचीही नाही, नाहीतर तळाचे खडे वर येऊन स्लाइडवर काळेजांभळे ठिपके सोडतात.

दोन पद्धती आहेत. सावकाशीची: ३ मिली गिम्सा आणि ९७ मिली बफर (पीएच स्थिर ठेवणारं) पाणी, ४५ ते ६० मिनिटं. घाईची: १ मिली गिम्सा आणि ९ मिली बफर पाणी, सुमारे १० मिनिटं. घाईची पद्धत रंग जास्त खाते, पण रुग्ण बाहेर बसलेला असताना तीच कामाची. एका स्लाइडला साधारण ३ मिली द्रावण लागतं. ते दर वेळी ताजं करा. बफरचा पीएच ७.२ हवा. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यावर इथे भरवसा ठेवू नका.

पीएचचा आग्रह धरायला ठोस कारण आहे. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) स्मीअरसाठी बहुतेक लॅब लेशमन रंग पीएच ६.८ वर वापरतात. पांढऱ्या पेशी ओळखायला तो उत्तम. पण त्या आम्ल पाण्यात व्हायव्हॅक्सचे शुफनर ठिपके (बाधित तांबड्या पेशीवरचे बारीक गुलाबी ठिपके) उमटतच नाहीत, आणि जात ओळखायची हुकमी खूण हातची जाते. सीबीसीच्या स्मीअरवर परजीवी दिसला तर तिथेच जात ठरवू नका. ७.२ वर गिम्साने वेगळी स्लाइड करा. सरकारी कामात जेएसबी रंग अनेक वर्षं चालत आला आहे. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि काही मिनिटांत उरकते. ढीगभर स्लाइड चाळायला ती चांगली, मात्र ठिपक्यांच्या बाबतीत गिम्सा जास्त विश्वासाचा.

धुताना द्रावण ओतून देऊ नका. काच आडवी ठेवून एका कडेने हळूच पाणी सोडा, म्हणजे वर आलेली तवंगासारखी साय तरंगत निघून जाईल. ओतलीत तर ती सगळी थरावर बसते.

रंग जमला की नाही हे परजीवी शोधण्याआधी पांढऱ्या पेशींवर तपासा. केंद्रक गडद जांभळं, न्यूट्रोफिलचे (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीचे) कण स्पष्ट, जाड थराची पार्श्वभूमी फिकट आणि स्वच्छ असेल तर पुढे जा. तांबड्या पेशी गुलाबी-लालसर झाल्या असतील तर पाणी आम्ल आहे, निळसर असतील तर अल्कधर्मी.

आधी जाड थर, मग पातळ

जाड थरात तांबड्या पेशी विरघळून गेलेल्या असतात. उरतात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि परजीवी. थोड्या जागेत जास्त रक्त तपासलं जातं, म्हणून परजीवी आहे की नाही हे इथे ठरवायचं. १०० च्या ऑइल लेन्सखाली, एका क्षेत्रात १५ ते २० पांढऱ्या पेशी दिसतील अशा भागात, किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. चौथ्या क्षेत्रात व्हायव्हॅक्स सापडला तरी १०० पूर्ण करा. मिश्र संसर्गातलं फाल्सिपेरम अशा घाईतच सुटतं.

परजीवी मानायला दोन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: लाल क्रोमॅटिन (परजीवीचं केंद्रक) आणि निळा पेशीद्रव. नुसता लाल ठिपका म्हणजे परजीवी नव्हे. पातळ थरात तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट रिंगसारखी भासते, पण तिच्याभोवती फिकट कडं असतं आणि सूक्ष्म फोकस फिरवला की ती पेशीच्या वरच्या पातळीवर आहे हे कळतं. हॉवेल-जॉली बॉडी (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा) गडद, एकजीव गोळी असते, तिला निळा भाग नसतो.

आता जात. पहिला प्रश्न परजीवीबद्दल नको, त्याच्या घराबद्दल विचारा: तांबडी पेशी मोठी झाली आहे का?

व्हायव्हॅक्स कोवळ्या तांबड्या पेशींत, म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो. त्यामुळे बाधित पेशी शेजारणींपेक्षा मोठ्या आणि फिकट दिसतात आणि त्यांच्यावर बारीक गुलाबी शुफनर ठिपके पसरलेले असतात. रिंग पेशीच्या साधारण एक तृतीयांश. वाढत्या ट्रोफोझोइटला ठरावीक आकार नसतो, तो अमीबासारखा हातपाय पसरून बसतो. शायझॉन्टमध्ये (फुटण्याआधीच्या अवस्थेत) १२ ते २४ मेरोझोइट, म्हणजे नवे परजीवी. गॅमेटोसाइट गोल किंवा लंबगोल, जवळजवळ पूर्ण पेशी व्यापणारा. या सगळ्या अवस्था एकाच स्लाइडवर भेळमिसळ भेटणं हीच व्हायव्हॅक्सची मोठी ओळख. कोवळ्या पेशी रक्तात थोड्याच असल्याने बाधित पेशी सहसा २ टक्क्यांपलीकडे जात नाहीत. त्याची गॅमेटोसाइट मात्र तापाच्या सुरुवातीलाच रक्तात असतात, म्हणजे रुग्ण लॅबमध्ये येण्याआधीच डासाला परजीवी मिळालेला असू शकतो. आपल्या शहरांतला ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. घोडबंदर रस्त्यापासून उलव्यापर्यंत बांधकामं सुरू असताना या भागात व्हायव्हॅक्स टिकून आहे यात नवल नाही.

फाल्सिपेरम कुठल्याही वयाच्या पेशीत शिरतो, म्हणून तो बेसुमार वाढू शकतो. पेशीचा आकार बदलत नाही. रिंग नाजूक, पेशीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. पुष्कळदा एकाच पेशीत दोन-तीन, कधी दोन क्रोमॅटिन ठिपक्यांची, कधी पेशीच्या काठाला चिकटलेली. आणि रक्तात दिसतात बहुधा नुसत्या रिंगाच. का? वाढत्या परजीवीमुळे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर गाठी येतात. त्यांतल्या पीएफईएमपी-१ या प्रथिनामुळे पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. ४८ तासांच्या चक्राचा उत्तरार्ध मेंदू, फुप्फुस आणि इतर अवयवांच्या वाहिन्यांत लपून जातो, बोटाच्या रक्तात येत नाही. मेंदूचा हिवताप याच चिकटण्यातून होतो. स्लाइडवर कमी दिसलं म्हणजे शरीरात कमी आहे असं फाल्सिपेरमच्या बाबतीत म्हणता येत नाही, तेही याचमुळे. संशय दाट असेल तर पहिली निगेटिव्ह स्लाइड शेवटची मानू नका. १२ ते २४ तासांनी पुन्हा, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदा रक्त घ्या.

फाल्सिपेरमचे शायझॉन्ट बोटाच्या रक्तात दिसले, किंवा ५ टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिलमध्ये तपकिरी-काळं हिमोझोइन (परजीवीचं रंगद्रव्य) दिसलं, तर ही वाईट लक्षणं आहेत. दोन्ही रिपोर्टमध्ये लिहा, आणि लिहून थांबू नका, फोन करा. चंद्रकोरी गॅमेटोसाइट ७ ते १० दिवसांनंतर येतात. उपचारानंतर त्या एकट्याच दिसल्या तर औषध फसलं असा अर्थ काढू नये. त्या बऱ्याच दिवस रेंगाळतात आणि रुग्णाला आजारी पाडत नाहीत.

बाकीच्या जातींचं थोडक्यात. मलेरिये: चक्र ७२ तासांचं, पेशी नेहमीएवढी किंवा जरा लहान, ट्रोफोझोइट पेशीवर आडव्या पट्ट्यासारखं, शायझॉन्टमध्ये ६ ते १२ मेरोझोइट आणि मध्ये रंगद्रव्य. ओव्हेल: पेशी लंबगोल, टोकं झिरमिळलेली, ठिपके व्हायव्हॅक्ससारखेच. नोलेसी आग्नेय आशियातल्या माकडांकडून येतो, चक्र फक्त २४ तासांचं, दिसायला मलेरियेसारखा, पण झपाट्याने बळावतो. न्हावा शेवा बंदरात उतरलेला खलाशी किंवा आफ्रिकेतून, मलेशियातून परतलेला अभियंता समोर असेल तर या तिघांची आठवण ठेवा. प्रवासाचा प्रश्न देशातही विचारायचा: गेल्या महिन्याभरात गडचिरोली, ओडिशा, झारखंड, छत्तीसगड किंवा ईशान्येकडे होता का? तिथे फाल्सिपेरमचं प्रमाण जास्त आहे.

मोजणी

जाड थरावर एका काउंटरने पांढऱ्या पेशी आणि दुसऱ्याने परजीवी मोजा. २०० पांढऱ्या पेशींपर्यंत १०० किंवा जास्त परजीवी मिळाले तर थांबा, नाहीतर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. परजीवींना पांढऱ्या पेशींनी भागून रुग्णाच्या डब्ल्यूबीसी काउंटने (एका मायक्रोलिटरमधल्या पांढऱ्या पेशींच्या संख्येने) गुणा. २०० पेशींमागे १५० परजीवी आणि काउंट ८,००० धरला तर ६,००० प्रति मायक्रोलिटर. पण हिवतापात पांढऱ्या पेशी बऱ्याचदा कमी होतात. त्याच रुग्णाचा खरा काउंट ४,००० असेल तर उत्तर ३,००० येतं. सीबीसी शेजारच्याच मशीनवर होत असताना ८,००० चा ठोकताळा वापरण्यात काही अर्थ नाही. ही मोजणी फक्त अलैंगिक परजीवींची; गॅमेटोसाइट तीत धरू नका, त्यांचा वेगळा उल्लेख करा. मिश्र संसर्गात दोन्ही जाती वेगवेगळ्या मोजा.

परजीवी इतके असतील की जाड थरावर मोजणं अशक्य, तर पातळ थरावर बाधित तांबड्या पेशींची टक्केवारी काढा. एका पेशीत तीन रिंगा असल्या तरी बाधित पेशी एकच. तांबड्या पेशी प्रति मायक्रोलिटर ५० लाख असतील तर १ टक्का म्हणजे ५०,००० प्रति मायक्रोलिटर, रक्तक्षय होऊन त्या ३० लाखांवर आल्या असतील तर ३०,०००. फाल्सिपेरममध्ये १० टक्क्यांच्या वर गेलं की इतर लक्षणं काहीही असोत, तो गंभीर हिवताप धरला जातो आणि शिरेतून आर्टेसुनेट लागतं.

किट आणि रिपोर्ट

रक्ताच्या थेंबावरून रेष दाखवणारं रॅपिड किट रात्रीच्या वेळी उपयोगी, पण ते ना अवस्था सांगतं ना प्रमाण. त्यातली फाल्सिपेरमची एचआरपी-२ (परजीवीचं एक प्रथिन) रेष उपचार यशस्वी झाल्यावरही २ ते ४ आठवडे राहू शकते, म्हणून ‘बरा झाला का’ हे किटवर ठरवू नये. कमी परजीवी असलेला व्हायव्हॅक्स किटमधून सुटतो. काही ठिकाणच्या फाल्सिपेरममध्ये एचआरपी-२ चं जनुकच नसतं. निकाल डब्यावर दिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने उमटलेली पुसट रेष निकालात धरायची नाही.

रिपोर्टचा नमुना असा: ‘प्लाझमोडियम फाल्सिपेरम, रिंग अवस्था आणि गॅमेटोसाइट, अलैंगिक परजीवी ४२,००० प्रति मायक्रोलिटर, जाड आणि पातळ स्मीअर, गिम्सा’. निगेटिव्ह असेल तर ‘१०० क्षेत्रांत परजीवी आढळले नाहीत’. चांगल्या टेक्निशियनलाही रोजच्या कामात प्रति मायक्रोलिटर ५० ते १०० च्या खाली परजीवी सापडणं कठीण जातं, त्यामुळे ‘हिवताप नाही’ असं लिहिणं टाळा. जात ठरत नसेल तर अंदाज करू नका. ‘फाल्सिपेरम नाकारता येत नाही’ असं स्पष्ट लिहा आणि स्लाइड जाणत्याकडे पाठवा. फाल्सिपेरम, मिश्र संसर्ग, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर रिपोर्ट छापायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, म्हणजे घराभोवतीच्या डासांच्या जागा शोधता येतील.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या १२ ते २४ तासांत फाल्सिपेरमचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. लपलेले शायझॉन्ट फुटून नव्या रिंगा रक्तात येतात, त्याने घाबरून जाऊ नये. तिसऱ्या दिवशीही अलैंगिक परजीवी दिसत असतील तर मात्र ते ठळकपणे लिहा आणि गोळ्या खरंच घेतल्या, पोटात राहिल्या की उलटून पडल्या, हे डॉक्टरांना विचारायला सांगा. पहिल्या दिवसाची स्लाइड तोवर फेकलेली नसावी. तेल टिपून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवली तर ती बुरशी न लागता टिकते आणि तिसऱ्या दिवसाच्या स्लाइडशेजारी ठेवून पाहता येते.